शेजारच्या दुकानातली ऊब

मास्तरला गल्लीतल्या बहुतेकांचे खांदे पाठ होते. कुणाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला, कुणाची पाठ मानेखाली वाकलेली, कुणाचं पोट मागच्या कोटानंतर पुढे आलेलं, हे त्याला गळ्यातला टेप काढायच्या आधीच दिसायचं. माप घेताना तो माणसांचे कोपर उचलायचा, हनुवटी सरळ करायचा, पाठीवर तळवा ठेवून "श्वास सोडा" म्हणायचा. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. टेलरचा हात म्हणजे कुणाचाच हात नव्हे.

फक्त त्याची बायको त्याच्या हातापासून अंग चोरायची.

सगळं नाही, नुसता डावा हात. रस्त्यानं चालताना ती अशी बाजू धरायची की तो हात भिंतीकडे राहावा. झोपताना तो हात उशीच्या पलीकडे ठेवलेला, जणू तिसऱ्याच कुणाच्या हवाली केलेला. मास्तरनं सहज म्हणून तो धरला तर ती अंग आखडून घ्यायची आणि दात आवळून म्हणायची, "अहो, नको."

"अगं, पण मी दाबला कुठे?"

"नका ना."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर 'नको' या शब्दाचे किती अर्थ होऊ शकतात, याचा मास्तर मशीन चालवता चालवता विचार करायचा. मशीन थांबलं की विचार थांबायचा नाही.

सुरुवात एका कोटापासून झाली होती. दुकान म्हणजे रस्त्यालगतची एकच खोली. मधोमध कापड बेतायचं टेबल, भिंतीला मशीन, मागे पडदा लावून केलेली ट्रायलची जागा. खिडकीपाशी एक बुटकी खुर्ची, ती बायकोची. काज, बटण, तुरपाई, सगळी हातशिलाई तिची. तिचा टाका कापडाच्या सुलट बाजूनं शोधूनही सापडत नसे. कापडाखाली डाव्या हाताचं मधलं बोट धरून, सुईचं टोक त्या बोटाला जेमतेम लागलं की ती सुई वळवायची. त्या बोटानं ती बघायची म्हटलं तरी चालेल. त्या कोटाची कॉलर जाड होती, आत दुहेरी कॅनव्हास. सुई मोडली. मागचा तुकडा हातात राहिला, टोक काही सापडलं नाही. दोघांनी जमीन झाडली, कॉलर उसवून पाहिली. आणि पुढे काही दिवसांनी बोट दुखायला लागलं.

आता शिंप्याच्या घरात याचा दुसरा काय अर्थ लागणार? टोक बोटात गेलं. नखाखाली. मास्तरनं सुतावरून स्वर्ग गाठला आणि बायकोही त्याच्या मागोमाग तिथे पोचली.

त्यानं टाचण्या वेचायचं लोहचुंबक आणलं. रोज दुकान बंद करताना तो ते जमिनीवरून फिरवायचा आणि टाचण्या किड्यांसारख्या त्याला येऊन चिकटायच्या. चुंबक तिच्या नखाला टेकवलं मात्र, ती किंचाळून खुर्चीवरून उठली.

"बघ!" मास्तर म्हणाला. "ओढलं गेलं ना आतून? लोखंडच आहे."

थंडगार लोखंडाचा नुसता स्पर्श तिला सोसला नव्हता, हे त्या दिवशी त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही नाही. ती म्हणाली, "असेल."

डॉक्टर झाले. नख अर्धवट उचलून कुणी टोक शोधलं, सापडलं नाही. एक्स-रे काढला. त्यात बोटाचं हाड होतं, हाडाभोवती बोटाची सावली होती, आणि लोखंड कुठेच नव्हतं. फोटो उजेडाकडे धरत तिथला माणूस म्हणाला, "काही नाही यात. बोट उत्तम आहे."

ते वाक्य मास्तरच्या डोक्यात राहिलं. बोट उत्तम आहे. मग हात मागे घेणारी कोण?

त्याची थोरली बहीण अधूनमधून यायची, ट्रायलच्या आरशासमोर स्टूल ओढून बसायची आणि वहिनीची चौकशी करायची. म्हणजे वहिनीसमोर वहिनीबद्दल भावाला विचारायची.

"काय रे, सापडली का सुई?"

"नाही."

"नाहीच सापडायची. आमच्याकडेही एकीचं असंच दुखायचं. कामाचा कंटाळा आला ना, की तो बरोब्बर बोटाच्या टोकावर येऊन बसतो. पायाला कधी नाही झाला बघ कुणाला."

बायकोनं दोरा दातानं तोडला. "वन्सं, तुमच्या जिभेला नाही ना होत काही?"

"मला? मला काय होतंय!"

"तेच म्हणते. कंटाळा नाही ना येत तिला."

मास्तर हसला नाही. बहिणीच्या बोलण्यावर त्याचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेली गोष्टसुद्धा मनात जागा अडवते. बायको आता जाड कापडाची हातशिलाई टाळू लागली होती. सकाळी नळाच्या पाण्यात हात घालायच्या आधी ती डोळे मिटायची. कधी कधी काम टाकून नुसती बसायची, डावं बोट उजव्या मुठीत धरून, पिल्लू धरावं तसं. तो विचारायचा, "दुखतंय?" ती म्हणायची, "नाही." एक्स-रेनंतर ती नाहीच म्हणायला लागली होती. पूर्वी तो म्हणायचा, "असेल काही, मन रमव." आता तिनं मन रमवलं होतं. कुठे, ते त्याला पुढे कळलं.

थंडी सुरू झाल्यावर ती शेजारी जायला लागली.

शेजारी इस्त्रीवाल्याचं दुकान होतं. दोन्ही दुकानांच्या मध्ये फळ्यांची भिंत, त्या फळ्यांतून वाफेचा वास आणि शीळ सतत यायची. हा माणूस दिवसभर शीळ वाजवायचा. बुटका, नाक कायम चोंदलेलं, डोक्यावर केस जेवढे होते त्याहून जास्त कानात. बायको केव्हाच वारली होती. मास्तर आणि तो वर्षानुवर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं एकमेकांकडे पाठवत आले होते. त्याच्याबद्दल मत्सर वाटायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं, आणि म्हणूनच तो वाटायला लागला तेव्हा मास्तरला त्याचं नाव पटकन सुचलं नाही. वाटलं, पित्त झालंय.

"जरा जाऊन येते," ती म्हणायची.

"कुठे?"

"इथेच."

मग फळीपलीकडची शीळ थांबायची. शीळ थांबली की मास्तरचं मशीनही थांबायचं. बोलणं ऐकू यायचं नाही. बोलणं ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं. बोलण्याचं काहीतरी करता येतं. थोड्या वेळानं ती परत यायची आणि तिचा चेहरा सैल झालेला असायचा. तसा सैल चेहरा मास्तरनं घरात फार दिवसांत पाहिला नव्हता. ती येऊन खुर्चीवर बसायची, सुई उचलायची आणि टाके झरझर पडायला लागायचे.

हे टाकेच त्याला सहन होत नव्हते. दुसऱ्याच्या दुकानातून आणलेल्या सुखावर त्याच्या गिऱ्हाइकांची बटणं लागत होती.

एकदा तो मागोमाग गेला. कारण म्हणून हातात एक पँट घेतली. दारातूनच दिसलं. इस्त्रीवाला टेबलाच्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. मध्ये आत्ताच इस्त्री केलेल्या पांढऱ्या कोटांची चळत. तिचा डावा हात मनगटापर्यंत त्या चळतीत घातलेला. डोळे मिटलेले. इस्त्रीवाला तिच्याकडे बघतही नव्हता. तो पुढच्या कोटाची बाही सरळ करत होता, ती झाली की चळतीवर ठेवत होता, तिच्या हातावर, हळूच, पांघरूण घालावं तसा.

तिला कुणी हात लावलेला नव्हता. तरी मास्तर आत गेला नाही. पँट घेऊन परत आला आणि तिची उलटी घडी बेतायच्या टेबलावर टाकून बसला.

ती आल्यावर म्हणाला, "आपल्याकडे इस्त्री नाही का?"

"आहे की."

"मग?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "मग काय?"

तो म्हणाला, "काही नाही." आणि दिवसभर एकेका कापडावर खडूच्या रेघा इतक्या दाबून मारल्या की दोन खडू मोडले. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. पण काय जळतंय हे मात्र त्यालाही नीट कळत नव्हतं. ती त्या माणसावर भाळली आहे असं त्याला एक क्षणही वाटलं नाही. तसं वाटलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळा झाला असता. त्याला एवढंच हवं होतं की तिला जे काही होतं ते तिनं आधी त्याच्याजवळ आणावं. ते ती फळीपलीकडे घेऊन जात होती. आपल्या घरची वस्तू दुसऱ्याच्या घरात ठेवलेली दिसावी तसं झालं होतं. चोरीला गेलेली नाही, दिसते आहे, आणि मागता येत नाही.

मग एका सकाळी इस्त्रीवाला स्वतःच दारात आला. नाक पुसत म्हणाला, "मास्तर, मोठ्या इस्पितळातल्या हाताच्या डॉक्टरबाई आहेत ना, त्यांचे कोट मी करतो. त्यांच्या कानावर घातलं वहिनींचं. म्हणाल्या, पाठवून दे. एकदा दाखवून या."

"काय घातलं कानावर?"

"हेच, की गारठ्यात दुखतं, गरम कापडात बरं वाटतं. एकाच ठिकाणी दुखतं."

मास्तर वळून बायकोला म्हणाला, "एकाच ठिकाणी दुखतं?"

ती म्हणाली, "हो."

"तुझ्या या भावजींना माहितीय आणि मला नाही."

"मास्तर, तसं नाही—" इस्त्रीवाला म्हणाला.

"तू तुझी इस्त्री बघ, जळेल काहीतरी," मास्तर म्हणाला. इस्त्रीवाल्याला वाटलं थट्टा आहे, म्हणून तो हसला.

नवरा-बायको दोघं गेले. इस्पितळातली खोली छोटी, भिंतीवर हाताचं मोठं चित्र, त्यात प्रत्येक शीर वेगळ्या रंगात काढलेली. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांच्या अंगातला कोट मास्तरनं ओळखला. बाहीची घडी त्या इस्त्रीवाल्याचीच होती. त्यांनी बायकोला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "तुमचे मिस्टर सांगत होते, कपड्यांच्या गठ्ठ्यात हात घातला की थांबतं म्हणून. फार हुशार निरीक्षण आहे हं त्यांचं."

"मिस्टर मी आहे," मास्तर म्हणाला.

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे! मग ते कोण?"

"शेजारी."

"बरं," त्या म्हणाल्या. "सांगा बाई, कधीपासून?"

आणि बायको बोलायला लागली. मास्तर ऐकत राहिला. तिला इतकी मोठी वाक्यं येतात हे तो विसरला होता. गार पाण्याचा थेंब पडला तर दंडापर्यंत कळ कशी जाते, चादरीची कड लागली तरी जाग कशी येते, दुखत नसतं तेव्हा बोट अगदी दुसऱ्यांसारखंच कसं असतं, आणि म्हणून लोकांना खोटं कसं वाटतं. लोकांना म्हणताना तिनं मास्तरकडे पाहिलं नाही. डॉक्टरबाई मान हलवत होत्या. त्या बाई होत्या, वयानं मोठ्या होत्या, आणि तरीही मास्तरला त्यांचा हेवा वाटला. त्या नुसतं "मग?" म्हणायच्या आणि ती उलगडत जायची.

त्यांनी तिचं नख उजेडात धरलं. "इथे बघा, जरा निळसर झाक आहे. दिसतेय?"

मास्तर वाकला. दिसत होती. काळ्या दोऱ्याच्या दहा छटा वेगळ्या काढणारा माणूस तो. हे नख रोज त्याच्या समोर होतं.

मग डॉक्टरबाईंनी एक टाचणी घेतली, उलट्या बाजूनं, डोक्याकडून. "दुखलं तर सांगा." नखाच्या एका कोपऱ्यात टेकवली. काही नाही. जरा बाजूला. काही नाही. आणखी जरा. बायको ओरडली, हात ओढून घेतला, डोळ्यांत पाणी आलं. नखाच्या मुळाजवळ, तिळाएवढी जागा. तिच्या अलीकडे पलीकडे काहीही नाही.

"आता एक गंमत," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी रक्तदाब मोजायचा पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला, हात वर धरायला लावला आणि पट्टा फुगवला. बोटं फिकट पडली. त्यांनी टाचणीचं डोकं त्याच जागी टेकवलं. दाबलं.

बायको बघत राहिली.

"दुखतंय?"

"नाही," ती म्हणाली. मग हसायला लागली. "नाही! अहो, दुखत नाहीये!" ते 'अहो' कुणाला होतं ते मास्तरला कळलं नाही. तिचं ते बोट दुसऱ्या कुणाच्या चिमटीत होतं, तिथे दाबलं जात होतं, आणि ती हसत होती. त्यानं किती वर्षं ते बोट हातात धरलं नव्हतं. हवा भरलेल्या एका रबरी पट्ट्याला जे जमलं ते त्याला जमलं नव्हतं.

पट्टा सोडला, रक्त परत आलं आणि रक्ताबरोबर कळही. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. बोटांच्या टोकांशी बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते असतात, थंडी-उष्णतेप्रमाणे रक्त कमी-जास्त सोडणारे. त्यातल्या एकाची गाठ झाली आहे. फार लोकांना होत नाही, म्हणून चटकन कुणाच्या लक्षातही येत नाही. कितीतरी जणांना वर्षानुवर्षं मनाचं आहे असं सांगतात. एक्स-रेत लोखंड दिसतं, ही दिसेलच असं नाही. एमआरआय करू, जागा नक्की करू.

"कॅन्सर?" मास्तरनं विचारलं. त्या खोलीत त्यानं विचारलेला तो पहिला प्रश्न.

"नाही. साधी गाठ. पण नुसत्या गोळ्यांनी जाणार नाही, काढावी लागेल. पूर्ण निघाली की बहुतेकांचं दुखणं कायमचं थांबतं. थोडी राहिली तर परत येते, आणि क्वचित कुणाला दुसरीकडेही होते. नंतर पुन्हा तसंच दुखलं तर अंगावर काढायचं नाही, लगेच यायचं."

"सुई नव्हती म्हणजे," मास्तर म्हणाला.

"कसली सुई?"

बायकोनंच सांगितलं. चुंबकाचंही सांगितलं. डॉक्टरबाई आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "थंड लोखंड, आणि बरोब्बर त्या जागेवर," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्या तुम्ही."

एमआरआयमध्ये गाठ दिसली, नखाच्या मुळाशी, हाडाला टेकलेली. ऑपरेशन झालं. नुसतं बोट बधिर केलं होतं. नख उचलून खालून गाठ काढली आणि नख परत जागेवर बसवून टाक्यांनी धरून ठेवलं. डॉक्टरबाईंनी मास्तरला बाटलीतली गाठ दाखवली. रंगीत टाचणीच्या डोक्याएवढी. तपासणीत साधीच निघाली. मास्तरनं पहिल्यांदा पट्टी बदलली तेव्हा टाके निरखून पाहिले. बरे होते. त्याला ते थोडे सैल वाटले, पण तो बोलला नाही.

जखम भरली. जुनं नख सुटून पडलं, खालून नवं सरकत पुढे आलं, मधोमध एक बारीक उंचवटा घेऊन. बायकोनं नळाखाली हात धरला आणि पाणी वाहू दिलं. मास्तर दारात उभा राहून बघत होता. आता सगळं ठीक होईल असं त्याला वाटलं.

ती हात पुसून म्हणाली, "जरा जाऊन येते."

फळीपलीकडे शीळ थांबली. या वेळी बोलणं ऐकू आलं, हसणंही. "भावजी, बघा, दाबून बघा!" आणि त्या चोंदलेल्या नाकाचं "अरे वा, अरे वा."

ती आली तेव्हा मास्तर मशीनच्या चाकावर हात ठेवून बसला होता. म्हणाला, "आता कशाला गेलीस? आता तर दुखत नाही."

"दुखत नाही हे सांगायला."

"मला का नाही सांगितलंस कधी? ते गरम कपड्यांचं. एकाच जागेचं."

ती बुटक्या खुर्चीवर बसली. सुईत दोरा ओवला, गाठ मारली. मग म्हणाली, "पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं होतं की. दुखतंय म्हणून. तुम्ही चुंबक आणलंत, मग फोटो आणलात, मग वन्संना आणलंत. भावजींनी काही आणलं नाही. मी एकदा कपडे द्यायला गेले, हात शेकला गेला, बरं वाटलं. ते म्हणाले, 'असू द्या हात तिथेच.' एवढंच."

"एवढंच," मास्तर म्हणाला.

"एवढंच. पण तुम्ही ते म्हणाला नव्हतात."

त्यानं चाक फिरवलं. पुढचे कितीतरी महिने तो चांगला वागला. तिला 'दुखतंय का' विचारायचा. ती 'नाही' म्हणायची, आणि ते आता खरं होतं. खऱ्या 'नाही'नं त्याची आणखीनच पंचाईत झाली. तिला विश्वास ठेवणाऱ्याची गरज होती तेव्हा तो नव्हता. आता तो होता तर गरज नव्हती. इस्त्रीवाल्याचा हिशेब चुकता झालेला होता आणि मास्तरचा कायमचा राहिला होता. फळीपलीकडे शीळ वाजायची आणि मास्तर मनातल्या मनात म्हणायचा, वाजव, तुला काय.

पुन्हा गारठा पडला. दुपारची वेळ होती. मास्तर एका कोटाचं अस्तर बेतत होता. बायको सुई ठेवून उठली. तो मान वर न करता वाट बघत राहिला, 'जरा जाऊन येते' याची.

ती त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"अहो."

"काय?"

"जरा बघा ना. कळ आली. त्याच बोटात."

मास्तरनं कात्री ठेवली. हाताला खडू लागला होता, तो शर्टाला पुसला. तिनं हात पुढे केला होता. त्यानं तो धरला नाही. विचारलं, "गारठ्यानं? की आपली आपण?"

"आत्ता नळावर गेले होते तेव्हा."

"एकाच जागी?"

"तसं वाटतंय. पूर्वीइतकं नाही. टाक्याचं असेल."

"असेल. नसेलही. त्या म्हणाल्या होत्या, अंगावर काढायचं नाही." मग न राहवून त्यानं विचारलं, "शेजारी सांगितलंस?"

"नाही हो. आत्ताच तर आली कळ. तुम्हालाच सांगतेय."

त्यानं बेतायचं टेबल तसंच टाकलं आणि तिच्या खांद्यावर शाल घातली, तिचा हात शालीच्या आत जाईल अशी. त्याला भीती वाटत होती. गाठ परत आली असेल, पुन्हा नख, पुन्हा ते सगळं. भीती अगदी खरी होती. पण त्या भीतीच्या शेजारी, तिच्याहून उंच, दुसरं काहीतरी छातीत उभं राहिलं होतं, आणि ते काय आहे हे ओळखल्यावर त्याला लाज वाटली. लाज वाटूनही ते बसेना.

ते बाहेर पडले. इस्त्रीवाला दारात कोळसे झाडत होता.

"काय मास्तर, भर दुपारी जोडीनं?"

"डॉक्टरबाईंकडे," मास्तर म्हणाला. "हिचं बोट दुखतंय. आत्ताच सांगितलं मला हिनं." एखाद्यानं आपल्याला बढती मिळाल्याचं सांगावं तसा त्याचा आवाज निघाला.

इस्त्रीवाल्याचा चेहरा उतरला. "अरेरे. पुन्हा? वहिनी, मला बोलला नाहीत."

मास्तरनं तो उतरलेला चेहरा नीट पाहून घेतला आणि पुढे चालायला लागला.

थोडं अंतर गेल्यावर बायको म्हणाली, "हसताय?"

"मी? छे. कशाला हसू?" मास्तर म्हणाला, आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं.